हारुमीने खाऊ ओळखला

या ग्रुपवर मी बरेच महिने आहे, पण नुसती वाचक. वडाखालची बाई, घाटात लिफ्ट मागणारा माणूस, रिकाम्या खोलीतला पाळणा... तुमचे सगळे अनुभव मी जेवताना वाचते, आणि खरं सांगायचं तर एकानेही माझा घास अडलेला नाही. वायरिंग, वारा, उंदीर, नाहीतर अर्धवट झोप – मनात कारण शोधायचं आणि पुढची पोळी घ्यायची, अशी माझी पद्धत. म्हणून आज स्वतःच लिहायला बसले तर थोडं अवघडल्यासारखं होतंय. शाळा पूर्ण इंग्लिश मीडियम, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ आईने तपासून दिलंय. म्हणजे आता तिलाही सगळं कळलंय.

आधीच सांगते, यात कोणी घाबरलं नाही. हॉलभर लोक हसत होते.

ठिकाण – बुलढाणा, चिखली रोडवरचं एक मंगल कार्यालय. वेळ – मागच्या वर्षीच्या पितृपक्षातला एक रविवार, दुपार. (पितृपक्ष वाचून सावरून बसला असाल तर बसू नका. त्या दिवसांत लग्नं नसतात म्हणून हॉल मोकळा होता, इतकंच.)

माझा आतेभाऊ प्रथमेश पुण्यात शिकतो. तिकडे तो जपानी कल्चरच्या कन्व्हेन्शनला जाऊन आला आणि घरी येऊन एकच धोशा लावला, की हे बुलढाण्यात काऊन नाही होऊ शकत? मग झालं. जपानी कॉमिक्सचे स्टॉल, कागदाच्या घड्यांचा वर्ग, आवडत्या पात्रांसारखे कपडे घालून येणारी मुलं, आणि शेवटी व्हर्च्युअल सिंगरची लाईव्ह कॉन्सर्ट.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी – व्हर्च्युअल सिंगर म्हणजे प्रत्यक्षात नसलेली गायिका. चित्र कॉम्प्युटरवर काढलेलं, आवाज सॉफ्टवेअरने जुळवलेला. स्टेजवर पारदर्शक जाळी ताणतात, तिच्यावर प्रोजेक्टरने ती गायिका उभी राहते, नाचते, गाते... आणि समोरचे लोक खरी असल्यासारखे ओरडतात. आमची गायिका आम्हीच केलेली. नाव हारुमी. निळे केस, गुडघ्यापर्यंत.

जाळी माझी मैत्रीण तबस्सुम हिच्या अब्बांच्या कापड दुकानातून आली. मच्छरदाणीची काळी जाळी, पूर्ण तागाच. एवढे डास कुठे निघाले, असं त्यांनी दोनदा विचारलं.

आणि हारुमीचा आवाज माझा होता.

हे फक्त तबस्सुमला माहीत होतं. असं सॉफ्टवेअर कोणाच्या तरी आवाजावरच तयार होतं. एकेक अक्षर, एकेक सूर वेगवेगळा म्हणून द्यावा लागतो. मी ते सगळं गाद्यांच्या कपाटात तोंड घालून रेकॉर्ड केलं. प्रथमेशला सांगितलं, नेटवरून तयार आवाज मिळाला. कारण नववीत असताना गॅदरिंगला मी एकटीने गाणं म्हटलं होतं आणि मधेच माझा आवाज बंद पडला होता. हार्मोनियम पुढे वाजत राहिली, मी उभी राहिले, आणि आधी मागच्या रांगेतून, मग सगळीकडून हसू आलं. तेव्हापासून मी वाढदिवसाच्या गाण्यालाही नुसते ओठ हलवते. हारुमीचं तसं नव्हतं. ती अडकत नाही, तिला घाम येत नाही, आणि लोक हसले तरी तिला कळत नाही. माझी अट एकच होती – हा आवाज कोणाचा, ते कधीही, कोणालाही कळता कामा नये.

कॉन्सर्ट सुरू झाली. पडदे ओढून हॉलमध्ये अंधार केलेला. मी आणि तबस्सुम लॅपटॉप घेऊन स्टेजच्या कडेला, लग्नाच्या डेकोरेशनच्या फळीमागे बसलो होतो. फळीवर थर्माकोलचं ‘शुभ’ तसंच होतं, ‘विवाह’ पडून गेलं होतं. मुलांच्या हातात जत्रेत मिळतात तशा लाईटच्या काड्या. हारुमी जाळीवर उमटली आणि जो काही आरडाओरडा झाला... मी चष्मा काढून पुसला. माझाच आवाज एवढ्या मोठ्या स्पीकरमधून येत होता आणि लोक हसत नव्हते.

शेवटचं गाणं तबस्सुमच्या आग्रहाचं – भुलाबाईचं एक जुनं गाणं, मागे इलेक्ट्रॉनिक बीट. पुण्या-मुंबईकडच्यांसाठी: तुमचा भोंडला तशी आमची भुलाबाई. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली रोज गाणी म्हणतात, आणि गाणी संपली की प्रत्येकीने झाकून आणलेला खाऊ ओळखायचा. डबा हलवून दाखवतात, आवाजावरून अंदाज करायचा. नाही जमलं तर ‘हरलो’ म्हणायचं, मग झाकण उघडतं.

हॉलच्या मागच्या गल्लीत विमलमावशी राहतात. हारुमीच्या केसांसारखे निळ्या लोकरीचे टोप घातलेल्या दोन नातींना घेऊन त्या आल्या होत्या, सोबत गल्लीतल्या बायका आणि मुली. इथून सगळ्या परस्पर भुलाबाईलाच जाणार, म्हणून डबे बरोबर. तोवर त्या मागे बसून, आपलं पोरांचं कौतुक म्हणून बघत होत्या. गाणं ओळखीचं निघालं तशा टाळ्या धरल्या, मग उभ्या राहिल्या, मग नाचल्या.

गाणं संपलं. हारुमी वाकली. आता मी एक बटण दाबलं की ती विरून जाणार, असं ठरलेलं. तेवढ्यात विमलमावशी डबा घेऊन थेट स्टेजच्या पायऱ्यांशी.

“थांब वं बाई. भुलाबाईचं गानं म्हनलं न? मंग खाऊ ओयखून जाय.”

हॉल हसला. प्रथमेश हातातला माईक घेऊन समजवायला गेला, की मावशी, ती कॉम्प्युटरची आहे. मावशी म्हणाल्या, “कॉम्प्युटरले सारं मालूम रायते म्हन्ता न तुमी पोरं?” आणि त्यांनी जाळीसमोर डबा जोरात हलवला. काही म्हणजे काही आवाज आला नाही.

माझं बोट बटणावर होतं. दाबलं नव्हतं.

स्पीकरमधून आवाज आला.

“सीताफय हाय, मावशी. पन एका बाजूनं कच्चं हाय.”

आवाज हारुमीचा. म्हणजे माझा. आणि जाळीवर तिचे ओठ हलले.

मावशी पायरीवरच टेकल्या. डबा उघडला. आत रुमालात गुंडाळलेलं एक सीताफळ. त्यांनी ते उलटंपालटं करून दाबून पाहिलं – एका बाजूला डोळे उघडलेले, मऊ. दुसरी बाजू दगड. त्यांनी ते हात उंच करून सगळ्यांना दाखवलं आणि सगळ्यांनी हॉल डोक्यावर घेतला.

तबस्सुमने माझं मनगट धरलं. तिने विचारायच्या आधीच मी ‘मी नाही’ अशी मान हलवली.

“माहीत आहे,” ती म्हणाली. “तुझ्याकडेच बघत होते मी. खुदा कसम, तुझे ओठ बंद होते.”

प्रथमेशला वाटलं हे आमचंच सरप्राईज. तो फळीकडे बघून अंगठा दाखवत होता. आणि गल्लीतल्या सगळ्या मुली आपापले डबे घेऊन पुढे धावल्या. हारुबाई, माझा ओळख! माझा आधी! सगळ्यात पुढे मावशींची धाकटी नात गौरी. तिने डबा डोक्यावर धरून हलवला, आणि हॉल आपोआप शांत झाला.

हारुमी उभी. केस मंद हलतायत. गाणं नसलं की ती एवढंच करते.

मीही वाट बघत होते. खरंच बघत होते. लॅपटॉपमधून काही येत नव्हतं. गौरीचा टोप एका कानावर घसरला, पण ती डबा खाली घेईना. मागून कोणीतरी हसलं. ते हसू मला ओळखीचं वाटलं... आणि या वेळी ते हारुमीच्या वाट्याला येणार होतं. नाहीतर गौरीच्या.

टेबलावर एक जादा माईक होता. बंद. मी तो उचलला, बटण सरकवलं.

“शेव?” मी म्हटलं.

गौरी आनंदाने किंचाळली. “नाय!”

चकली? नाय. शंकरपाळे? नाय. लाह्या, चिवडा, बत्तासे... आता अख्खा हॉल माझ्या प्रत्येक उत्तराला ‘नाय’ म्हणत होता. माझा आवाज एकदा फाटला, एकदा अडकला. जाळीवर हारुमीचे ओठ हलत नव्हते, पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

“हरले,” मी म्हटलं.

गौरीने झाकण उघडलं. ग्लुकोजची बिस्किटं होती.

मी माईक खाली ठेवणार तोच फळीच्या कडेने विमलमावशींचं डोकं आत आलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मागे वळून सगळ्यांना सांगितलं,

“हे पाहा वं, हारुबाई तं चश्मा लावते.”

झालं. कळलं सगळ्यांना. मुली फळीमागे येऊन मला बघून गेल्या, एकीने तर हात लावून पाहिला. लोक हसत होते. मी बसून राहिले, आणि पळून जावंसं वाटत नाही हे माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

आता मुद्द्याचं. सीताफळाचं.

आम्ही सगळं तपासलं. गाण्याची फाईल जिथे संपते त्यापुढे काहीच नाही, सरळ रेघ आहे. माझ्यासमोरचा माईक तोपर्यंत बंद होता. प्रथमेशच्या हातातला त्याच्याच हातात होता. ओठ फक्त गाण्याच्या शब्दांना बांधलेले आहेत, आपोआप हलू शकत नाहीत. पण लोकांनी काढलेल्या सगळ्या व्हिडिओंत ते वाक्य स्वच्छ ऐकू येतं. आई म्हणते, तूच बोललीस आणि तुला आठवत नाही. असेल. पण तबस्सुम खोटं बोलत नाही. आणि मला कुठून माहीत असणार? मी मावशींना त्या दिवसाआधी पाहिलंही नव्हतं.

मावशींना विचारलं. फळ त्यांनी निघताना स्वतःच्या अंगणातल्या झाडावरून तोडलं, हंगामातलं पहिलं, आणि वाजू नये म्हणून रुमालात बांधलं. नातींनाही सांगितलं नाही. पण कच्च्याचं काय? त्या म्हणाल्या, “मले काय मालूम? मले तं ते पिकलेलंच वाटलं होतं.”

म्हणजे ते कोणालाच माहीत नव्हतं. वायरिंग, वारा, उंदीर... सगळं लावून पाहिलं. कच्च्या बाजूला त्यातलं काहीच लागू पडत नाही. कोणाकडे कारण असेल तर कमेंटमध्ये सांगा, मी मनापासून वाचेन. जेवताना नाही.

यंदा भुलाबाईला मी रोज संध्याकाळी मावशींच्या अंगणात जातेय. मुलींसोबत गाते, एकदा एकटीनेही म्हटलं. मधे अडकले, तर गौरीने पुढची ओळ उचलली आणि गाणं चालू राहिलं. एकदा हट्टाने लॅपटॉपही नेला. सगळ्यांनी डबे हलवले, हारुमीने केस हलवले, बाकी काही नाही.

खाऊ ओळखायची पाळी माझ्यावरच येते. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघतात, मावशी तर पुढे सरकून बसतात. आजवर माझं एकही उत्तर बरोबर आलेलं नाही.