ब्रेकवरचा पाय

शेजारचे काका मागच्या दाराने यायचे. चप्पल बाहेर काढायचे, स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला लावायचे आणि म्हणायचे, "मास्तर, मी नुसता बघी ऱ्हायनू हां." असं म्हणत खुर्चीत बसायचे.

आता हे स्टिअरिंग कसलं, ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. मी शहाद्यात शाळामास्तर आहे आणि या वयात घरी कॉम्प्युटरवर शर्यतीची गाडी चालवतो. टेबलाला आवळलेलं हुबेहूब स्टिअरिंग, खाली पेडल. पेडल फरशीवर सरकतात म्हणून त्यांच्यामागे दादर ज्वारीची गोणी लावली आहे. कुणी पालक आले की बायको आधी सगळ्यावर चादर टाकते, मग दार उघडते.

एकदा चादर टाकायची राहिली आणि काका आले. साखर कारखान्यातून निवृत्त झालेला, भारदस्त मिशांचा माणूस. वाटलं, आता गावभर होणार. काका हसलेच नाहीत. हळूच म्हणाले, "याले ब्रेक शे का?"

ब्रेकचं प्रकरण सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं. निवृत्तीनंतर काकांनी गाडी घेतली, शिकले, आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, काकूंना घेऊन त्यांच्या माहेरी, कळसाडीला निघाले. जावई स्वतःच्या गाडीने येतोय म्हणून अख्खं घर दारात उभं. काकांनी ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडी थेट ओट्यावर. कुणाला लागलं नाही, ओट्याचा कोपरा तेवढा गेला. पण धडकायचंच होतं तर दुसरीकडे कुठे धडकावं, सासरवाडीच्या दारात काय! तेव्हापासून गाडी ताडपत्रीखाली. दर आखाजीला काकू पिशवी घेऊन एकट्या एसटीने जायच्या. कुणी कळसाडीचं नाव काढलं की काका उठून जायचे.

"तिले एकडाव माहेरले लई जानं शे," मला म्हणाले, आणि मान वर केली नाही.

मी त्यांना खेळातली सगळ्यात हळू गाडी दिली. म्हटलं, आधी रिकाम्या ट्रॅकवर एकटेच फिरा, वळणाच्या आधीच ब्रेक दाबा. ते जमल्यावर दुसऱ्या गाड्या सोडल्या. तर काय, आरशात गाडी दिसली की काका कडेला घेऊन थांबत. "त्याले घाई शे, जाऊ द्या." चाक गवतात गेलं की स्टिअरिंग हातात थरथरायचं. काका दोन्ही हात सोडून स्क्रीनला म्हणायचे, "चुकनं दादा." नंबर कायम शेवटचा. मला हसू यायचं, मग हसल्याचं वाईट वाटायचं. कारण पाय मात्र आता न चुकता ब्रेकवर जायला लागला होता.

यंदा आखाजीला ताडपत्री निघाली. काकू शेजारी ताठ बसल्या. गाडी बैलगाडीच्या चालीने गल्लीबाहेर गेली.

पुढचं काकूंनी आम्हाला सांगितलं. कळसाडीच्या वेशीबाहेर निंबाखाली काकांनी गाडी उभी केली. "आठून पायी जाऊत." पिशवी घेऊन खाली मान घालून चालत गेले. दारात पोहोचून वर पाहिलं, तर ओटाच नाही. सारवलेली, सपाट, मोकळी जागा.

मेहुणा म्हणाला, "दाजी, ओटा आम्ही कवयच पाडा. तुम्हनी गाडी लावाले जागा करेल शे. कोठे शे गाडी?"

काकूंना हे दर वर्षी दिसत होतं, पण काका ऐकून घेतील तर ना. ओटा फोडला त्या दिवशी खाली गेली नसेल इतकी मान त्यांची आत्ता खाली गेली. ते गाडी आणायला निंबाकडे परतले.

आता मागच्या दाराने कुणी येत नाही, काका खऱ्या गाडीत असतात. स्टिअरिंगला हात लावताना मला काकूंनी सांगितलेली शेवटची गोष्ट आठवते. गाडी नीट ओट्याच्या त्या जागेत लागली, बंदही झाली, तरी काका आत बसूनच. पाय ब्रेकवर घट्ट. शेवटी काकूंनी जाऊन दार उघडलं.

"आते काढा पाय," त्या म्हणाल्या. "पोचनूत आपन."