पट्टा बांधून शिकवताना

मी फिजिओथेरपिस्ट. डॉक्टर, नर्स आणि नव्याने या धंद्यात आलेले फिजिओ यांना कंबरदुखी, मानदुखी, गुडघेदुखी कशी हाताळायची हे शिकवते. वर्गात माझं एक वाक्य ठरलेलं असतं : दुखतंय म्हणजे आत काहीतरी मोडलंय, असं नव्हे. आणि दुसरं, पेशंटला कमरेच्या पट्ट्याची सवय लावू नका. पट्टा हळूहळू मनाला बांधला जातो. हे वाक्य सगळे लिहून घेतात.

त्या वर्षी हे सगळं मी स्वतः कमरेला पट्टा बांधून सांगत होते.

घरात पाण्याचा मोठा कॅन उचलताना कमरेत कळ आली, तिथून सुरुवात झाली. चार दिवसांपुरता म्हणून पट्टा आणला, तो सुटेचना. वर सैल कुर्ता घालायचे. घरी कुणी विचारलं की इथल्या कन्नड सवयीने ‘स्वल्प आखडलंय’, थोडंसंच, म्हणायचे. दुखणं केव्हाच कमी झालं होतं. भीती तेवढी राहिली होती. ज्या भीतीबद्दल मी तास घेत होते, तीच.

मारतहळ्ळीतल्या एका हॉलमध्ये प्रशिक्षण होतं. दुपारी जोड्या पाडल्या : एकाने पेशंट व्हायचं, दुसऱ्याने प्रश्न विचारून तपासायचं. एकजण आला नव्हता, त्यामुळे एक तरुण डॉक्टर एकटीच उरली. ती निपाणीकडची. सकाळी चहाच्या वेळी मी फोनवर आईशी बोलताना तिने मराठी ऐकलं आणि तेव्हापासून मला मॅडम सोडून अक्का म्हणायला लागली होती.

“मी होते तुझी पेशंट,” मी म्हटलं. ती नुसते प्रश्न विचारेल असं वाटलं होतं. पण ती म्हणाली, “अक्का, पुढं वाका बघू.”

मी वाकले आणि अर्ध्यावर थांबले. तिने आधाराला पाठीवर हात ठेवला. हात पट्ट्यावर पडला आणि त्याच क्षणी वेल्क्रो सुटलं. चर्रर्र! शेजारच्या जोड्यांनी माना वळवल्या.

“हे मुद्दाम घालून आलाय काय, आम्हाला दाखवायला?” तिने हळूच विचारलं.

“हो,” मी म्हटलं. एवढं चटकन खोटं मी कधी बोलले नसेन.

मग ती इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “हा पट्टा काढला तर काय होईल असं वाटतं तुम्हाला?”

हा प्रश्न सकाळी मीच शिकवला होता. उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि खरं तेच बाहेर पडलं. “पाठ मोडेल असं वाटतं,” मी म्हणाले. आणि मग थांबताच येईना. चिकपेटमध्ये माझी आई राहते. तिथली गर्दी, रिक्षाचे धक्के नकोत म्हणून मी तिच्याकडे जाणं बंद केलं होतं आणि तिला कामाची कारणं सांगत होते. तेही मी बोलून गेले. डोळे वाहत होते. सगळे भोवती जमले होते.

मी गप्प झाले आणि टाळ्या पडल्या. “सूपर, मॅडम! काय ॲक्टिंग!” मागून कुणीतरी ओरडलं. एका नर्सनेही डोळे पुसले. मी हसून मान झुकवली आणि बाथरूममध्ये जाऊन पट्टा पुन्हा आवळला. आरशात बघवेना.

संध्याकाळी ती डॉक्टर लिफ्टपाशी थांबली होती. “अक्का, ती ॲक्टिंग नव्हती.”

“नव्हती.”

“मग के. आर. पुरमला माझ्या क्लिनिकला या. तुम्ही शिकवता तेच करू, दुसरं काय!”

तिच्या बोलण्यात कुठेही टोमणा नव्हता. त्यानेच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जायला मी बरेच आठवडे लावले. गेले तेव्हा ओढणी डोक्यावरून घेऊन बाकावर बसले, आपला एखादा विद्यार्थी ओळखेल म्हणून. तिने पट्टा काढायला लावला, जमिनीवर पेन टाकलं आणि म्हणाली, “उचला.”

“हे मला ठाऊक आहे गं!” मी चिडलेच.

“ठाऊक आहेच की. उचला आता.”

घाम फुटला, पण उचललं. काही मोडलं नाही. पुढे जाणं-येणं होत राहिलं आणि एका रविवारी मी मेट्रोने आईकडे गेले. “काम सरलं काय गं?” एवढंच तिने विचारलं.

पुढच्या तुकडीला सगळं खरं सांगायचं, असं मी ठरवलं होतं. पट्टा, भीती, आईला दिलेल्या थापा, काही न वगळता सांगितलंही. फक्त सुरुवात करताना माझ्या तोंडून निघून गेलं, “माझी एक पेशंट होती...” आणि ते मी दुरुस्त केलं नाही.