पोटरीसाठी बुडबुड्यांची दारू

सन १९९५. मी एकसष्ट वर्षांचा होतो. तीन वर्षं आधी पाणीपुरवठ्याच्या खात्यातून फिटर म्हणून रिटायर झालो होतो. शिक्षण चौथीपर्यंत, पण उज्जैनमधला कुठला पाइप कुठे चोक होतो ते इंजिनियर लोक मला विचारत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझी अक्कल काही चालली नाही.

झालं असं, की चालताना डावी पोटरी धरायला लागली. देवास गेटपर्यंत जायचं तर मध्ये दोनदा थांबावं लागे. थांबलं की दुखणं गायब, चाललं की परत हजर. डॉक्टरसाब म्हणाले, "दादा, पैर की नस सँकरी हो गई है. बीड़ी छोड़ो और रोज़ पैदल चलो." म्हणजे पायाची नस अरुंद झालेली. बीडी मी बारा वर्षांचा असल्यापासून ओढत होतो. घरी येऊन चालायचं तेवढं सांगितलं, बीडीचं गाळलं.

आमच्या हिला त्या वैशाखात पंचक्रोशी करायची होती. म्हणजे उज्जैनच्या भोवती पाच दिवस पायी. आधी मुलं लहान, मग माझी ड्यूटी, तिचं राहूनच गेलं होतं. रिटायर झालो की जोडीनं जाऊ, हा शब्द माझाच. सगळ्या गल्लीला माहीत.

फाल्गुनात पुण्याहून जावई आले. त्यांनी बॅगेतून जाड काचेची बाटली काढली, तोंडाला सोनेरी कागद.

"बाबा, द्राक्षाची आहे, आता आपल्याकडेच बनते. रोज एक छोटा ग्लास घेतला तर रक्तवाहिन्या मोकळ्या राहतात म्हणे. जास्त नाही हं!"

"ह्यात बुडबुडे कशाला?"

"असतातच ते त्यात."

हे काय उत्तर झालं? जन्मभर मी लाइनीतली हवा काढली. पाइपात हवा अडकली की पाणी थांबतं, पाइप धडधडतो. आणि हे म्हणतात, हवावालं प्या, नस मोकळी होईल! पण जावई शिकलेले. उलट बोलवेना. ते परत गेले आणि बाटली गव्हाच्या कोठीमागे राहिली.

शेवटी हिला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. बाटलीचं विचारलं तर ते हसले. "पीने के बाद कुछ घंटे नस थोड़ी ढीली रहती है, ऐसा कुछ लोग कहते हैं. पक्का कोई नहीं बोलता. ज़्यादा पी तो नुकसान. आपने कभी पी नहीं, तो अब शुरू क्यों करना?"

"मतलब फायदा है कि नहीं?"

"दादा, बीड़ी छोड़ी?"

हिनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

माझ्या कामात पाइप एक तर चोक असतो, नाही तर चालू. कुछ घंटे, कुछ लोग, असलं काही नसतं. घरी आलो आणि त्याच संध्याकाळी पक्कड घेऊन बाटलीला भिडलो. तार काढली तोच बूच छताला लागून हिच्या पोळीच्या डब्यात पडलं.

"अहो, औषध असं उडतं का कधी?"

स्टीलच्या वाटीत ओतलं. आंबट, नाकात झिणझिण्या. वाटीभर प्यालो. पोटरी गरम वाटली, कान पण गरम वाटले. फायदा कुठला आणि नशा कुठली, समजेना. तसाच ओट्यावर बसलो आणि सवयीनं बीडी पेटवली.

ही दारात येऊन उभी राहिली. "एका बाजूनं नळ साफ करा, दुसऱ्या बाजूनं राख ओता. छान! मी शेजारणींबरोबर जाते पंचक्रोशीला. तुम्ही बसा बुडबुडे मोजत."

ती रागावून बोलली असती तर मी भांडलो असतो. ती शांतपणे बोलली आणि आत जाऊन खरंच शेजारणीला हाक मारली. माझ्याशिवाय जायचं तिनं ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्याही आधी मी नाक्यावरच्या पानवाल्याकडे गेलो. चार लोक उभे होते. त्यांच्यासमोर म्हटलं, "आज से मैं बीड़ी माँगूँ तो भी मत देना."

"क्यों बाबूजी, डॉक्टर ने मना किया?"

"डॉक्टर कौन होता है? मैं बोल रहा हूँ."

परत येताना पोटरी धरलीच. वाटीचा असर उतरला होता, की कधी झालाच नव्हता, कोण जाणे. चौघे मागून बघत होते, म्हणून मी सार्वजनिक नळाशी वाकलो आणि दुखणं जाईपर्यंत त्याची तोटी तपासत राहिलो.