मुठीला मोरीचं तेल

नेमबाजी हा फार स्वच्छ खेळ आहे, असं कुणी म्हटलं की मला शिसारी येते. दोन हजार सालानंतरची पाच-सहा वर्षं मी हा खेळ मालवणात खेळले आणि त्यातला बहुतेक काळ दुसऱ्याच्या घामाने ओली झालेली पिस्तुलं धरण्यात गेला. आमच्या क्लबात हवेची पिस्तुलं तीन आणि नेमबाज चौदा. एकाने खाली ठेवलं की दुसऱ्याने उचलायचं. मूठ कोमट लागायची. कुणी तंबाखू मळून आलेला असायचा, कुणी वडे खाऊन, आणि तो चिकटा माझ्या तळव्याला. उष्टं ताट कुणी पुढे केलं तर आपण उठून जाऊ. उष्टं पिस्तूल मात्र मी मुकाट्याने धरत आले.

त्यातलं एक स्प्रिंगचं, सुटताना मनगटाला हिसडा द्यायचं. दुसऱ्याचा चाप इतका जड की ओढता ओढता नेमच सरकायचा. तिसरं परदेशी, कुणा हॉटेलवाल्याने देणगी दिलेलं, अगदी गुणी. ते क्लबच्या सेक्रेटरींच्या कपाटात कुलपात असायचं आणि त्यांच्या पुतणीपुरतंच बाहेर यायचं. मला कुठल्या दिवशी कुठलं मिळेल याचा काही नेम नसे. तक्रार केली की सेक्रेटरी हसून म्हणायचे, "मुलींनी जुळवून घ्यायला शिकावं." पुतणीला हे सांगताना मी त्यांना कधी ऐकलं नाही.

आणि मी जुळवून घ्यायला शिकले, याचा मला जास्त राग येतो. पिस्तूल बदललं की डोळे मिटून हात उचलायचा, मग डोळे उघडून नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा खुंट, मागच्या खाचेत कुठे आली ते बघायचं. वर आली तर पकड बदलायची. बाजूला गेली तर मनगट वाकवायचं नाही, पाय सरकवायचे. स्प्रिंगच्या पिस्तुलाचा छर्रा सुटून गेल्यावरही हात तसाच धरून ठेवायचा. जड चापावर बोटाचा दाब थेंबाथेंबाने वाढवायचा. परकं हत्यार हातात घेऊन ते आपलंच असल्यासारखं वागायची मला सवय लागली.

एका वर्षी जिल्ह्याच्या स्पर्धेत ठरलेले गुण मिळाले तर राज्याच्या स्पर्धेला जाता येणार होतं. वयाच्या अटीमुळे माझी ती शेवटची खेप. महिनाभराच्या सरावात माझे गुण सगळ्यांत जास्त भरले, तेव्हा परदेशी पिस्तूल मला देण्यावाचून सेक्रेटरींना गत्यंतर उरलं नाही. पण त्याची लाकडी मूठ पुतणीच्या हाताला घासून केलेली, निमुळती. माझ्या पंजात ती बसतच नव्हती. पिस्तुलाबरोबर आलेली एक जादा मूठ होती, कुणाच्याच मापाची नसलेली. ती सेक्रेटरींनी माझ्यापुढे टाकली आणि म्हणाले, "ही घरी ने आणि घासून आण."

बाबा होडीवाले. त्यांनी मूठ उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "हात दाखव गो." मग माझ्या तळव्याला चुलीतली काजळी फासली आणि मूठ धरायला लावली. लाकडावर काळं उमटलं तिथेच कानस फिरवली. होडीची फळी बसवताना ते असंच करायचे. चार दिवस हे चाललं होतं. पाचव्या दिवशी डोळे मिटून मी ती मूठ धरली आणि आपण काही धरलंय हेच मला कळेना. इतकी ती माझी होती.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्यांनी तिला दोन हात तेल दिलं. "कच्चा लाकूड खाऱ्या वाऱ्यात फुगता. आता फुगाचा नाय," म्हणाले. तेल कुठलं, तर होडीला देतात तेच, मोरीच्या काळजाचं. मोरी म्हणजे शार्क, काळीज म्हणजे तिचं यकृत. तो वास नाकात थांबत नाही, घशात उतरून बसतो. पण आमच्या घरात तो कायमचाच होता, मला तो आलाच नाही.

सकाळी एसटीत शेजारच्या बाईने पदर नाकाला लावला तेव्हा आला. बाबा स्पर्धेच्या हॉलबाहेर पायरीवर बसले आणि मी आत गेले. तपासणीच्या टेबलावर मी मूठ पिस्तुलाला बसवली आणि आजूबाजूची माणसं मागे सरकली. पुतणीने ओकारी काढली. तिला दुसऱ्या फेरीत तेच पिस्तूल, तिची मूठ लावून, वापरायचं होतं. सेक्रेटरींनी रुमाल नाकावर धरला. "ही मूठ आहे की सुकटाची टोपली? नंतर हिने ते कसं धरायचं? तू आपलं जड चापाचं घे. तुला जुळवून घेता येतं." सगळे हसले.

पंच घाटावरून आलेले, रूक्ष माणूस. त्यांनी चापाला वजन टांगून पाहिलं, पिस्तूल मापाच्या पेटीत घालून पाहिलं. "वासाबद्दल नियम नाही," ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "हिची हरकत नसेल तर मारू दे. काय गं, कुठलं घेतेस?"

म्हणजे निवड माझी होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सेक्रेटरींनी माझ्यावर अन्याय केला असंच सगळीकडे सांगत आले. पण त्या क्षणी मला त्या हसणाऱ्यांची नाही, माझ्या घराची किळस आली. माझ्या हाताची, त्या तेलाची आणि पायरीवर बसलेल्या माणसाची. मी पिस्तूल खाली ठेवलं आणि जड चापाचं उचललं.

चाळीस छर्रे मारले. तीन गुण कमी पडले.

सेक्रेटरींनी मूठ सोडवून वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. "ही आता तुझीच." परतीच्या एसटीत बाबांनी ती मांडीवर उलगडली. आत काय झालं हे त्यांना ठाऊक नव्हतं. तीन गुण कमी पडले एवढंच मी सांगितलं होतं. बराच वेळ ते मुठीवरून अंगठा फिरवत राहिले.

"हातात बसूक नाय?"

"नाय," मी म्हटलं.

"खंय टोचता ता दाखव."

मी बोट ठेवून जागा दाखवली. तिथे काहीच टोचत नव्हतं.