रापणीचा वाटो

अतिवाहक, म्हणजे सुपरकंडक्टर, म्हटलं की पुस्तकवाले ‘रोध शून्य’ लिहून मोकळे होतात. त्या शून्याची मला चीड आहे. माझं कामच नायोबियमच्या पोकळ कुप्यांवर आहे. तो धातू आम्ही पार गारठवतो आणि सेकंदाला कोट्यवधी वेळा दिशा बदलणारा प्रवाह त्यात सोडतो. तेव्हा तो तापतो. थोडाच, पण तापतो! शून्य खरं ठरतं ते फक्त एकाच दिशेनं वाहणाऱ्या प्रवाहापुरतं.

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या माझ्या भाचीला मी हे सांगितलं, तेव्हा आम्ही तोंडवलीच्या किनाऱ्यावर रापण बघत उभ्या होतो. किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं ते जाळं. दोरीला जो हात लावील त्याला मासळीचा वाटा, ही तिथली रीत.

ती पटकन म्हणाली, “आते, जोडीन फिरणारे इलेक्ट्रॉन म्हणजे रापणकार. दिशा एकच आसली तर तेच सगळा ओढतत, सुटे नुसते बघतत. पण सारखी दिशा बदलूची म्हटल्यार जोड्यांका वळाक वेळ लागता. मगे सुटे पण दोरयेक हात लायतत आणि आपलो वाटो घेवन जातत. तोच वाटो म्हणजे उष्णता!”

मी तिला मिठीच मारली. माझ्या प्रयोगशाळेत आलेल्या मुलांना हे समजावताना माझ्या तोंडाला फेस येतो.

कॉलेजच्या तोंडी परीक्षेत नेमका हाच प्रश्न आला. तिनं हेच उत्तर दिलं आणि बोलण्याच्या भरात ‘वाटो’ म्हणून गेली. परीक्षक खो खो हसले. “हा फिजिक्सचा विभाग आहे, मासळीबाजार नाही,” म्हणाले, आणि शून्य देऊन तिला नापास केलं. पोरीला एमएस्सी करायची होती.

मी तडक कॉलेज गाठलं. माझा आवाज चढलेलाच होता.

“उत्तर चुकलंय का?”

“तसं बरोबर आहे हो,” परीक्षक म्हणाले, “पण भाषा बघा ना.”

बरोबर आहे! तरी शून्य! मी भांडभांड भांडले. शेवटी त्यांनी नाइलाजानं तिला पास केलं.

मी घरी येऊन अंगणातूनच ओरडले, “पास झालंस गो! आता एमएस्सीक जा!”

ती बाहेर आली. अगदी सावकाश, एकेक शब्द निवडून म्हणाली, “नको आत्या. मला नाही जमणार ते.”

मला. आमच्या घरात आजवर ‘माका’ सोडून कोणी कोणाशी ‘मला’ म्हणून बोललं नव्हतं.