भडकबाईंचा मे महिना

गेल्या पंधरा ऑगस्टला, झेंडावंदन उरकून जिलेबी वाटून झाल्यावर, बोळिंजमधल्या आमच्या सोसायटीने भडकबाईंची बाग उपटली. दिवस मुद्दाम सांगते आहे, कारण सोसायटीच्या फलकावर फक्त ‘सुशोभीकरण’ एवढंच लिहिलं होतं.

‘भडकबाई’ हे नाव लोकांनी पाठीमागे ठेवलेलं. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. त्या मूळच्या जतकडच्या. नवऱ्याच्या वालीवच्या कारखान्यातल्या नोकरीपायी इकडे आल्या, तो गेल्यावर एकट्याच राहिल्या. पोपटी पातळावर जांभळा ब्लाउज घालून पार्किंगमधून निघाल्या की माना वळायच्या. फिकट रंग त्यांना आजारी माणसासारखा वाटे. झाडांनाही तोच न्याय. “फाटकातून डोळ्यांत भरत नाही, ते लावायचं कशाला गं?”

अर्नाळ्याच्या रस्त्यावरच्या नर्सरीत लोक पाऊस पडला की जातात. बाई मे महिन्यात जायच्या, तेही दुपारी दोनला, मला रिक्षात कोंबून. मी पाणीटंचाईची पत्रकं घेऊन दारोदार फिरायचे, त्यातूनच आमची ओळख. नर्सरीवाला जाळीच्या सावलीतले गुलाब पुढे करायचा. गुलाबांना बाई जावई म्हणत. रोज विचारपूस करा, तरी तोंड वाकडंच. त्या सरळ मागे जायच्या, जिथे तो न खपलेल्या कुंड्या उन्हात टाकून देई. “पावसात काय, सगळीच देखणी,” त्या म्हणायच्या. “आत्ता जे ताठ उभं आहे, ते माझं.” मग तिथून निघायची राणी रंगाची बोगनवेल, फुगल्या बुंध्याचं अडेनियम, पिवळ्या काठाची घायपात.

आणलं की लावलं, असंही नाही. आधी जुन्या पातळांचे तुकडे काठ्यांना बांधून त्या कुंपणाच्या भिंतीपाशी रोवायच्या आणि मला फाटकात उभं करायच्या. कुठला रंग ऊन खाऊन टाकतं आणि कुठला टिकतो, ते मी ओरडून सांगायचं. फिका गुलाबी दुपारी दिसेनासा व्हायचा, राणी आणि केशरी जळत राहायचे. जो टिकला, त्या रंगाचं झाड तिथे. वॉचमनला लोक विचारत, हे कुणाचं वाळत घातलंय म्हणून. बाई वरून उत्तर देत, “माझंच हाय. बघून घ्या.”

दोन-तीन उन्हाळ्यांत ती पश्चिमेची भिंत पेटल्यासारखी दिसू लागली. पहिलं वर्ष बाईंच्या धुण्याचं पाणी, पुढे तेही लागेना. ज्या मेमध्ये आमच्या नळाला तासभरही धड पाणी नसायचं, त्याच मेमध्ये भिंत सगळ्यांत जास्त फुलायची.

पण ती बघायला होतं कोण? आमची सोसायटी म्हणजे कोकणातली, देशावरची नोकरदार माणसं. वर्षभर पहाटे मुंबईला जातात, अंधार पडल्यावर येतात आणि मे लागला की कुलूप लावून गावी. भिंत पेटलेली पाहिली ती वॉचमनने, घरकामाच्या बायकांनी आणि आम्ही चार-दोन उरलेल्यांनी. कमिटीने ती नीट पाहिली ऑगस्टमध्ये. तेव्हा बोगनवेल म्हणजे नुसता पाला आणि काटे. अडेनियम पावसाने कुजत आलेलं.

सेक्रेटरी म्हणाले, “फुलं कुठायत? जंगल झालंय नुसतं. फ्लॅट बघायला येणाऱ्याला काय दाखवायचं?” ठराव आधीच झाला होता, माणसं कोयते घेऊन उभी होती. मी भांडले, घसा बसेपर्यंत. बाई भांडल्या नाहीत. हातातली जिलेबी कठड्यावर ठेवून त्या एवढंच म्हणाल्या, “मे महिन्यात आला असतात, तर तुमचा हात उचलला गेला नसता.”

भिंतीपाशी हिरवळीचे गालिचे अंथरले गेले. दिवाळीपर्यंत कौतुक झालं. मार्चपासून त्या गवतासाठी टँकर येतो आणि माणसं बादल्या घेऊन जिन्यात थांबतात. बाई हे बघायला राहिल्या नाहीत. संक्रांतीनंतर फ्लॅट विकून लेकीकडे सोलापूरला गेल्या. निघताना भिंतीकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही. बाई वळल्या नाहीत, हे मी सोसायटीला माफ करणार नाही.

आता मे आहे. टँकर पिऊनही गवत पिवळं पडलंय आणि कोपऱ्यात, कोयता नीट न लागलेल्या एका खोडातून, राणी रंगाची फांदी वर आली आहे. कमिटी म्हणते, सगळे गावाहून आले की जूनमधल्या सभेत तिचं काय ते ठरवू.

जूनमध्ये नाही. गावाहून चार दिवस आधी या. दुपारी दोनला, उन्हात, फाटकापाशी उभे राहा आणि त्या फांदीकडे बघा. तिथेच सभा घ्या. मग ज्याला ती तोडायची असेल, त्याने तिथे हात वर करावा.