चुलवाणाचा धूर

यवतजवळच्या गुऱ्हाळावर रतनबाई कोकरे उसाचं चिपाड वाळवायच्या कामाला होती. मालक विलासआप्पांनी उसाचा रस आटवायला नवं, कमी धुराचं चुलवाण बांधलं. त्यात फक्त वाळलं चिपाड जाळणार, असं ते उद्घाटनाला माइकवर छाती फुगवून बोलले. महिना गेला नाही तोच चपलांच्या कातरणांनी भरलेला ट्रक दारात उभा राहिला आणि काळा, उग्र धूर शिवारभर पसरला.

"आप्पा, हे कशाला जाळताय?" रतनबाईनं विचारलं.

"चिपाड वाळंपातुर थांबतंय कोण? हा घे गूळ, घरी ने."

"तुमच्या घरी कुठला गूळ हाय? परवा सूनबाईनी मला कोल्हापुरी गुळाचा चहा पाजला."

आप्पांनी नजर चुकवली. घरच्यांना न चालणारा माल जगाला विकणाऱ्या या माणसाची तिला किळस आली. तिनं गूळ परत त्यांच्याच हातावर ठेवला.

"तुमच्या नातवाला द्या," म्हणाली आणि निघाली.

आप्पांनी दुसरी बाई लावली. ट्रक येतच राहिले. रतनबाई आता पलीकडच्या वस्तीवर कामाला जाते. तिथलं चुलवाण जुनंच आहे, पण चिपाडाशिवाय त्यात काही जात नाही. वाटेत आप्पांची गाडी दिसली, तर ती तिकडं मान वळवत नाही.